तुम्ही ‘येते’ म्हणाला होतात

३ जून

नवं गाव, नवी नोकरी, आणि पहिला दिवस चक्क गोड गेला! ताईने आम्हा मायलेकींना तिच्या मागच्या खोलीत सामावून घेतलंय. माझी लेक सहा वर्षांची घोडी झाली, तरी मावशीच्या मांडीवरून उतरायला तयार नाही. काम घरोघरी जाऊन आजारी म्हाताऱ्यांचं बघायचं: औषधं, अंघोळ, पाठीच्या जखमा. कंपनीने फोन दिलाय आणि त्यात बाईच्या आवाजात बोलणारी एक मदतनीस बसवली आहे. मी कुठे उभी आहे ते तिला कळतं आणि ती न विचारताच बोलते. औषधांच्या दुकानावरून जाताना म्हणाली, शिंपीकाकांच्या गोळ्या संपत आल्या आहेत, घेऊन जा. काकांकडे जाऊन बघते तर डबीत एकच उरलेली! मी तिचं नाव चोंबडी ठेवलंय.

८ जून

शिंपीकाकांकडे जायला मला मनापासून आवडतं. तिसऱ्या मजल्यावर एकटेच असतात. अंथरुणाला खिळलेत, पण गळ्यातली मापाची टेप काही सुटत नाही. मनगटाला कंपनीचा पट्टा आहे, म्हणजे पडले-धडपडले तर ते कुठे आहेत ते चोंबडीला कळावं. काका म्हणतात, जन्मभर मी जगाची मापं घेतली, आता ही बया माझं माप घेते.

आज लेकीचा फोटो दाखवला तर म्हणाले, पोरीला फ्रॉक शिवतो, मापाला घेऊन ये. बोटांत सुई धरायचं बळ नाही, पण म्हाताऱ्या माणसाचं मन कशाला मोडायचं? आणते की, म्हटलं. निघताना नेहमीसारखं ‘येते हं काका’ म्हटलं. जिना उतरतेय तोवर चोंबडीने खिशातून सांगितलं, नोंद केली आहे, लेकीला घेऊन येणे. इतकी आगाऊ आहे ना! घरी ताईला सांगितलं, तीही खूप हसली.

१२ जून

काका गेले. परवा रात्री झोपेतच गेले, मला आज कळलं. बाहेरगावचा मुलगा येऊन सगळं उरकून, घराला कुलूप घालून परतही गेला. ऑफिसला मनगटाचा पट्टा परत हवा होता, पण तो मिळालाच नाही म्हणे. बहुधा बाबांच्या हातातच राहिला, असं मुलगा म्हणाला.

दुपारी त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी चोंबडी बोलली. शिंपीकाका वाट पाहत आहेत. तुम्ही ‘येते’ म्हणाला होतात. मी भर रस्त्यात रडले.

१३ जून

ऑफिसातल्या फोनवाल्याला दाखवलं. तो म्हणाला, यात यंत्राची चूक नाही, आपल्याच भाषेची आहे. आपण निघताना ‘जाते’ म्हणत नाही, अभद्र वाटतं म्हणून ‘येते’ म्हणतो. तिला बिचारीला ते वचन वाटतं, आणि तुम्ही त्या जागेजवळ गेलात की ती आठवण करून देते. त्याने माझ्यासमोर नोंद पुसून टाकली. मीही हसले, पण उगाचच.

१६ जून

मुद्दाम वाट वाकडी करून लांबच्या रस्त्याने गेले. तरीही बोललीच. काका पलंगावरून उठले आहेत, म्हणाली.

तो पट्टा कुठेतरी पडला असेल, कुणी उचलला असेल, मांजराने ओढला असेल. काहीही असेल. फोनवाला म्हणतो, नोंद कोरी आहे, तुम्हीच जरा विश्रांती घ्या.

१७ जून

काका दारात उभे आहेत. लेकीला आणलं का?

लेकीला. चोंबडी ‘लेकीला’ म्हणाली. माझं काय व्हायचं ते होवो, पण माझ्या पोरीचं नाव काढायचं नाही. ऑफिसात जाऊन फोन टेबलावर आपटला आणि नोकरी सोडली. खायचं काय, ते नंतर बघू.

१८ जून, सकाळ

दुसरं काम शोधायला बाहेर पडतेय. लेकीला ‘जाते’ म्हटलं तर तिने भोकाड पसरलं. ताई चिडली, असं अभद्र बोलतात का गं, ‘येते’ म्हण. नाही म्हटलं. मेले तरी म्हणणार नाही.

१८ जून, दुपार

काकांच्या दारासमोर बसून लिहितेय. वही पिशवीतच होती. हाताला काही काम दिलं नाही तर मी किंचाळेन.

घरी गेले तर घर बंद. माझ्या जुन्या फोनवरून ताईला फोन केला. ती म्हणाली, अगं, तूच ना निरोप पाठवलास, लेकीला या पत्त्यावर काकांकडे घेऊन ये, माप द्यायचंय. तुझाच तर आवाज होता. काका गेले हे तिला माहीत होतं — पण आवाज माझा — तिला वाटलं दुसरे कुणी काका.

मी धावत इथे आले तर ताई सांगते, इमारतीखाली तिचा स्वतःचा फोन बोलला. पोहोचलात. पोरीने हात सोडवला आणि जिना चढून पळाली. ताई मागोमाग. वर कुलूप. पोर नाही.

ताई कुलूपवाल्याला आणायला धावलीय. मी दारावर डोकं आपटून घेतलं. कुलूप तसंच, वर धूळ —

आतून आवाज येतोय.

काकांचा. उंची — तेवीस. खांदा — साडेनऊ.

आणि पोर हसतेय. तिला गुदगुल्या होतात मानेला हात लागला की —

देवा, माझी पोर सोड. माझं घे माप. माझं घे.

बाही. कंबर. आता मान —

हसायची थांबली.

रडतेय. आई म्हणतेय. आई, काका विचारतात, तू येतेस ना? तू आलीस की मला सोडणार आहेत.

त्यांना तेवढा एकच शब्द हवाय — मला कळतंय — म्हटलं की मी आत आणि दार —

ताई अजून नाही. जिन्यात कुणी नाही.

आई, तू येतेस ना?

नाही कसं म्हणू. आई आहे मी. नाही कसं —

येतेस ना?

ये