बंधू-भगिनींनो म्हणता येत नाही

रत्नागिरी,
ता. १४ नोव्हेंबर १९५६

तीर्थस्वरूप दादूभावोजी यांच्या सेवेशी, धाकटा मेहुणा आत्माराम याचा साष्टांग नमस्कार.

इकडील सर्व क्षेम आहे असे लिहिण्याची रीत आहे, ती मोडतो. इकडे मथुरा क्षेम आहे, म्हैस क्षेम आहे आणि माझा उजवा गाल क्षेम आहे. डाव्याविषयी हे पत्र आहे. सखूताईला नमस्कार. तुमचा पाय कसा आहे? (हा प्रश्न मी तुम्हांला आयुष्यात प्रथमच विचारतो आहे, हे लिहिता लिहिता ध्यानात आले आणि टाक थोडा वेळ खाली ठेवावा लागला. ताईच्या लग्नाला सव्वीस वर्षे झाली, तुमच्या पायाच्या दुखण्याला पंधरा. एवढ्या काळात मी तुम्हांला देशाची स्थिती विचारली, चिपळूणच्या पुराची विचारली, पायाची कधीच नाही.)

श्रोते हो! (तुम्ही एकटेच आहात हे ठाऊक आहे, पण सवय जात नाही.) ज्यांचे दुखणे दिसत नाही अशा समस्त दुखणाईतांनो! आपले गाऱ्हाणे एकच आहे. ज्याचा हात मोडतो त्याला फळी बांधतात, ज्याला ताप भरतो त्याच्या कपाळावर पाण्याची घडी ठेवतात, ज्याला विंचू चावतो त्याच्याभोवती सगळी वाडी गोळा होते. आपल्याला सूज नाही, जखम नाही, ताप नाही. आपल्या हाडांच्या आत कुणीतरी तापलेली सळई फिरवीत असतो आणि समोरचा माणूस आपल्याला नीट न्याहाळून म्हणतो, "दिसता तर बरे!" या असल्या माणसांचा मी जाहीर निषेध करतो. त्यांचा या जिल्ह्यातला पुढारी कोण होता ते पुढे येईलच.

आता हकीगत सांगतो. गेल्या एप्रिलात संगमेश्वरला दारूबंदीवर माझे व्याख्यान होते. मैदान भरलेले, पेट्रोमॅक्स तीन, हार झेंडूचा. मी उभा राहिलो, छाती भरून घेतली आणि म्हणालो, "बंधू". पुढचे "भगिनींनो" काही आले नाही. डाव्या कानापासून हनुवटीपर्यंत वीज चमकून गेली. वीज हा शब्द मी व्याख्यानांतून पुष्कळ वापरला आहे (जनतेत वीज संचारली वगैरे), पण ती काय चीज आहे हे त्या दिवशी कळले. डोळ्यांतून पाणी आले. लोकांना वाटले, मास्तर देशाच्या दुर्दशेने गहिवरले, म्हणून टाळ्या वाजल्या. मी गालावर हात दाबून पुन्हा सुरुवात केली. "दारू" एवढे सुखरूप म्हणालो. "बंदी" म्हणायला गेलो की सळई. पुन्हा "दारू" म्हटले, पुन्हा थांबलो. भावोजी, एका हाताने गाल धरलेला, डोळ्यांत पाणी, आणि हजार माणसांपुढे मी पाच वेळा नुसता "दारू… दारू…" म्हणत उभा होतो. शेवटी मागून एक आवाज आला, "अरे, मास्तरांना कुणीतरी घोटभर द्या रे, मागून मागून थकले!" सभा जी हसली, तिचे हसणे अजून संगमेश्वरच्या बाजारात शिल्लक आहे म्हणतात.

पुढे घरी बसून मी या शत्रूचा अभ्यास केला (पुस्तके वाचून नाही, आरशापुढे). दुखणे जिभेला नाही, ओठ मिटण्याला आहे. ज्या अक्षराला ओठाला ओठ लागतो ते अक्षर म्हणजे ठिणगी. प, फ, ब, भ, म. या पाच अक्षरांवाचून व्याख्यान होऊ शकत नाही हे मला वीस वर्षांच्या वक्तृत्वानंतर कळले. "दारू" म्हणता येते, "बंदी" म्हणता येत नाही. "गुलाम" अर्धा म्हणता येतो. बायकोला हाक मारता येत नाही. मथुरेतला म आडवा येतो. माझे स्वतःचे नाव सांगायचे तर दोन वेळा मरावे लागते. डेमोस्थेनिस नावाचा ग्रीक वक्ता तोंडात गोटे ठेवून बोलायला शिकला असे मी मुलांना वर्षानुवर्षे सांगितले. तोंडात निखारे ठेवून कसे बोलावे, हे त्या गृहस्थाने कुठे लिहून ठेवलेले नाही.

मग उपाय. मथुरेने लवंग, ओव्याचा शेक आणि बिब्बा या क्रमाने हल्ला केला. बिब्ब्याने गाल उतला आणि लोकांना प्रथमच काहीतरी दिसले, त्यामुळे चार दिवस मला थोडी सहानुभूती मिळाली. मग एका दंतवैद्याने खालची दाढ काढली, कळ गेली नाही, शेजारची काढली, कळ गेली नाही, तिसरी काढताना तो म्हणाला, "आता राहणार नाही." दाढ राहिली नाही, हे खरे. दाढीचा प्रश्न निराळाच. वस्तरा डाव्या गालाला लागू देता येत नाही, तेव्हा उजवा गाल साफ आणि डावा फकिराचा, असा मी दोन महिने हिंडलो. नवस, अंगारा, कौल यांच्यावर आयुष्यभर कोरडे ओढलेला हा माणूस अर्धी दाढी राखून आहे म्हणजे याने नक्कीच कुठेतरी नवस बोलला आहे, असे आळीत ठरले. शेजारच्या सोनूबाई दारात येऊन हात जोडून म्हणाल्या, "मास्तर, उशिरा का होईना, देव आठवला हो तुम्हांला!" यावर माझे तेजस्वी उत्तर तयार होते. त्यात सात म होते. मी मान हलवली.

शेवटी वाट दाखवली ती वजीरने. वजीर म्हणजे आमच्या मागल्या आळीतला, जहाजावर नोकरी करणारा. वर्षातून दोन महिने घरी असतो. त्याने माझ्याकडे पाहिले, आणि "दिसता तर बरे" म्हणाला नाही. म्हणाला, "मास्तर, दात नाय दुखत तुमचा. तार दुखते. आमच्या बोटीवर एका सारंगाला हेच होतं. पंखा लागला तरी आरडायचा." त्या सारंगाला (म्हणजे खलाशांच्या मुकादमाला) मुंबईच्या एका इस्पितळात सुई टोचली आणि तो बरा झाला, असे त्याने सांगितले. भावोजी, मला इलाजापेक्षा त्या वाक्याने बरे वाटले. सहा महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी माझ्यावर विश्वास ठेवला होता. मी घरात जाऊन रडलो. (मथुरेला हे ठाऊक नाही. म्हणजे ठाऊक आहे, पण तिने तसे दाखवले नाही.)

ऑक्टोबरात आगबोट धरली. खारा वारा गालाला लागू नये म्हणून तोंडाला मथुरेचे जुने लुगडे गुंडाळले होते. उतारूंनी गालगुंड समजून माझ्याभोवती चार हात जागा मोकळी सोडली. या दुखण्याने मला दिलेला हा एकमेव लाभ. इस्पितळातला डॉक्टर तरुण होता. त्याने मला बोलू दिले, ओठांकडे बघत राहिला आणि म्हणाला की हे चेहऱ्याच्या शिरेचे दुखणे आहे, जुने आहे, खरे आहे. (खरे आहे! असे म्हणणाऱ्याला मी माझे घर लिहून दिले असते.) एक औषध आहे, ते फेफऱ्याच्या रोग्यांना देतात, लागू पडेलच असे नाही. दुसरा इलाज सुईचा. शिरेतच औषध टोचायचे. शीर बधिर होते. गाल वर्ष-दीड वर्ष आपला राहत नाही, पण कळ थांबते.

मी विचारले, कसले औषध?

तो म्हणाला, "अल्कोहोल. शुद्ध. दारूचा अर्क म्हणा."

मी खुर्चीतून उठलो. गाल धरून, तुकड्यातुकड्यांनी मी त्याला सांगितले की माझे आजोबा, पणजोबा माडावर चढून माडी काढीत असत आणि त्या धंद्याविरुद्ध मी आपल्या जातीशी भांडलो, सोयऱ्यांशी भांडलो, तालुका दारूबंदी समितीचा मी सभासद आहे, आजवर एक थेंब या ओठांना शिवलेला नाही. तो शांतपणे म्हणाला, "मास्तर, तुम्ही कुठे पिणार आहात? तुमची शीर पिणार."

मग तो असे काही बोलला की त्यासाठीच हे पत्र लिहितो आहे. सुई टोचायची जागा बोटाने दाखवीत तो म्हणाला, "पोटातून कशाला? जिथे दुखतं तिथेच पाजायची."

भावोजी, हे वाक्य कुणाचे, ते तुम्हांला ठाऊक आहे.

तीन वर्षांपूर्वी चिपळूणच्या सभेत मी परवानेवाल्यांवर बोललो. डॉक्टरची चिठ्ठी दाखवून, दुखण्याचे निमित्त करून, सरकारी परवान्याने बाटली घरात आणणारे. म्हणालो, असे एक गृहस्थ माझ्या अगदी जवळच्या नात्यात आहेत. म्हणे पाय दुखतो! अहो, पाय दुखतो तर पायाला पाजा, तोंडाला कशाला? मैदान गडगडले. मी नाव घेतले नव्हते. (ही माझी सबब तीन वर्षे मी जपली. चिपळूणच्या बाजारात माझी बहीण कुणाच्या घरी दिली आहे हे कुत्र्यालाही ठाऊक आहे.) तुम्ही तिसऱ्या रांगेत बसला होतात. नेहमीप्रमाणे एका अंगावर, तिरके. लोक वळून तुमच्याकडे पाहू लागले, तेव्हा तुम्ही सरळ बसलात. ते मी पाहिले. सरळ बसल्यावर तुमच्या तोंडावर काय आले तेही पाहिले, आणि त्याला मी त्या वेळी शरम म्हटले. आज आरशात तेच तोंड मी रोज पाहतो. ती शरम नव्हती, ती कळ होती.

दुसऱ्या दिवशी तुम्ही परवाना कचेरीत परत करून आलात. झोपताना दोन चमचे ब्रँडी घेतली की डाव्या कुशीवर तीन तास झोप लागे, एवढेच तुमचे व्यसन. ते सुटले. मी पुढच्या अकरा गावांत सांगितले की एका भाषणाने मी एका माणसाला दारू सोडायला लावली. तेव्हापासून ताई माहेरी आलेली नाही आणि तुम्ही मला एक वाकडा शब्द बोललेला नाहीत. बोलला असतात तर मी उत्तर दिले असते; म्हणूनच बोलला नसाल.

दारूबंदीवर माझा आजही तितकाच विश्वास आहे, हे स्पष्ट लिहितो. दारूने बुडालेली घरे मी मोजलेली आहेत. पण दारुडा आणि दुखणाईत यांतला फरक ज्याला कळत नाही, त्याने व्यासपीठावर चढू नये, आणि मी चढलो होतो.

सुई ३ डिसेंबरला ठरली आहे. २५ नोव्हेंबरला, रविवारी, चिपळुणात त्याच मैदानावर सभा आहे आणि मला बोलावले आहे. मथुरा म्हणते, आधी सुई घ्या, मग काय ते बोला. मी नाही म्हटले. बधिर गालाने मागितलेली माफी फुकटची. "माझ्या भावोजींची मी माफी मागतो" एवढे एकच वाक्य मी बोलणार आहे. त्यात सहा वेळा ओठ मिटतात. मी मोजले आहेत. त्याहून सोपा एक शब्द आपल्या भाषेत आहे, "चुकलो". त्याला ओठाला ओठ लागत नाही. तो मी आरशापुढे म्हणून पाहिला, अजिबात दुखले नाही. म्हणूनच तो पुरेसा वाटत नाही.

ताईला सांगा की तिचा भाऊ हल्ली पुष्कळ ऐकतो. तुमच्या पायास माझा निराळा नमस्कार.

तुमचा,
आत्माराम

ता. क. सुईला अजून एकोणीस दिवस आहेत. केवळ माहितीसाठी, एक अभ्यासाचा विषय म्हणून विचारतो: ते चमचे दोनच असत ना? आणि चमचा चहाचा की वाढायचा?

ता. क. २. वरचा मजकूर वाचला नाही असे समजा. खोडणार होतो, पण मथुरेने तो आधीच वाचला आणि ती इतकी हसली की खोडण्यात अर्थ उरला नाही. हसून झाल्यावर तिने सभेतले वाक्यही वाचले आणि म्हणाली, "अहो, भर मैदानात पुन्हा त्यांचंच नातं काढणार? एकदा काढलंत ते पुरे नाही का?" भावोजी, माफी मागतानाही मला मैदान हवे होते, हे तिला दिसले आणि मला दिसले नाही. आता सभेत तुमचा उल्लेख करणार नाही. परवानेवाल्या दुखणाइतांना मी खोटे म्हटले, तो खोटेपणा माझा होता, आणि ३ तारखेला मी स्वतः दारू टोचून घेणार आहे, एवढे माझ्या नावानिशी सांगेन. तुम्ही सभेला येऊ नका. घरी हवे तसे तिरके बसा.

ता. क. ३. हे पत्र खरे म्हणजे पाकिटातल्या दुसऱ्या कागदासाठी आहे. तो परवान्याचा नवा अर्ज आहे. तुमचे नाव, वय, दुखणे मी भरले आहे. शिफारस करणारा समितीचा सभासद म्हणून खाली माझी सही आहे. खाली डावीकडे पेन्सिलीने फुली मारली आहे. तिथे सही करा आणि कागद परतीच्या टपालाने माझ्याकडे पाठवा. कचेरीत तो मी स्वतः नेऊन देतो.