तीन नंबरची लाईन

२८ मार्च, शुक्रवार

माझा चेहरा पुन्हा टांगला!

वस्तीच्या तोंडाशी, रानबदामाच्या झाडाला. ‘अभिनंदन! इंजिनीयर लुर्देलिन मागबानुआ, ओकारिसा प्रतिष्ठानाची शिष्यवृत्तीधारक.’ दोन वर्षांपूर्वी परवान्याची परीक्षा पास झाले तेव्हाचाच फ्लेक्स, नव्याने छापलेला. तेव्हा तोतोय ओकारिसाचं तोंड कोपऱ्यात होतं. आता ते माझ्या तोंडाच्या तिप्पट आहे. खाली लिहिलंय – ‘नगराध्यक्षपदासाठी तोतोय. उजेड सगळ्यांसाठी.’ प्रचाराचा आज पहिला दिवस.

मला कुणी विचारलं? नाही.

आई खाली उभी राहून बघत होती. “हसली असतीस तर अजून छान आला असता.”

“आई, तो उतरव.”

“वेड लागलंय का? अख्खी वस्ती बघतेय. आणि निवडणूक झाली की खुराड्यावर घालता येईल. कापड चांगलं जाड आहे.”

२ एप्रिल

आज भांडारात पंप सापडला.

हे नीट लिहून ठेवते, कारण मलाच खरं वाटत नाहीये. मी नोकरी करते त्या ओकारिसांच्या वीजकेंद्रात तीन जनित्रं. तिसरं जानेवारीपासून ‘नादुरुस्त’. कारण – डिझेलचा पंप मनिलाहून यायचाय. म्हणून तीन नंबरच्या लाईनवर, म्हणजे आमच्या वस्तीसकट किनाऱ्याच्या पाच वस्त्यांवर, दुपारी बारा ते रात्री आठ भारनियमन. आज फ्यूज शोधायला गेले तर मागच्या फळीवर लाकडी खोकं. उघडलं. पंप. तेलकट कागदात, कोरा करकरीत. खोक्यावर फेब्रुवारीची तारीख.

वेंडेल सरांना विचारलं. ते आमचे व्यवस्थापक. खुर्चीतून हललेही नाहीत. “इंजिनीयर, तू फार खोकी उघडतेस.”

जनित्र चालो न चालो, तिन्हींच्या क्षमतेचे पैसे सरकार कंपनीला देतं. मग तिसरं चालवून डिझेल कशाला जाळायचं?

५ एप्रिल

दुपारी पुन्हा बारा ते आठ. ओकारिसांच्या शीतगृहाची लाईन वेगळी आहे. ती जानेवारीपासून एकदाही बंद झालेली नाही. मीच नोंदी ठेवते, मला माहीत आहे.

११ एप्रिल

प्रतिष्ठानाची बैठक. शिष्यवृत्तीवाल्यांना बोलवलं की जावंच लागतं. मिस पिंकी बोलत होती – प्रतिष्ठानाचं सगळं काम तीच बघते. कंपनीचं सामाजिक दायित्व म्हणून प्रत्येक घराला सौर कंदील. कंदिलावर तोतोयचं चित्र. काच बघितली तर उजेड त्याच्या दातांतूनच बाहेर येतो!

मी विचारलं, “निवडणुकीच्या काळात अशा कामांना बंदी असते ना?”

“सरकारी कामांना, गं. आम्ही कुठे सरकार आहोत?” सगळे हसले. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून, “आमची लिन फार हुशार. प्रतिष्ठानानेच शिकवलीय.”

वीज यांची. अंधार यांचा. कंदीलही यांचाच! आधी घरातून वीज काढून घ्यायची, मग तिचा शंभरावा हिस्सा कंदिलात घालून परत द्यायचा आणि फोटो काढायचा. याला दान म्हणतात. उसाच्या मळ्यापासून मनिलाच्या बोटीपर्यंत या बेटावर जे जे हलतं ते ओकारिसांचं. उमेदवारांची यादी बघितली – तोतोय नगराध्यक्षपदाला, बायको नगरसेवक, मेहुणा प्रांताच्या मंडळावर. ही निवडणूक नाही. जेवायला कोण कुठे बसणार एवढंच ठरवायचंय त्यांना.

१८ एप्रिल, गुड फ्रायडे

आज प्रचाराला कायद्याने बंदी. संध्याकाळच्या मिरवणुकीत मेणबत्त्यांऐवजी सगळ्यांच्या हातात कंदील. मृत ख्रिस्ताच्या मागून तोतोयची तीनशे तोंडं हसत चाललेली.

“हा प्रचार नाही,” मिस पिंकी म्हणाली. “ही श्रद्धा आहे.”

२२ एप्रिल

बाबांच्या बोटीला आज भरपूर मासळी लागली. आणि म्हणूनच घरात सुतक!

आईचा फ्रीझर म्हणजे वस्तीचा बर्फ. आठ तास वीज नसली की बर्फ धरत नाही. बर्फ नाही म्हणजे मासळी संध्याकाळपर्यंत विकायलाच हवी. संध्याकाळी घेणारा एकच – ओकारिसांचं शीतगृह. निम्मा भाव. बाबांनी एक सुरमई घरी आणली, उरलेल्या टोपल्या देऊन टाकल्या.

मी त्या सुरमईकडे बघत होते आणि डोक्यात सर्किट जुळत होतं. लाईन बंद, बर्फ बंद, भाव पडला, शीतगृह भरलं. कुणी मुद्दाम आखलंय असं मी म्हणत नाही. आखायची गरजच नाही. सगळ्या तारा एकाच घरात जातात.

उद्या सरांकडे जाणार. पंप मी बसवते म्हणून सांगणार.

२३ एप्रिल

सर लगेच हो म्हणाले! इतक्या लगेच की मलाच धक्का बसला.

२६ एप्रिल

चाललं!!

बेर्तिंगकाकांनी पाना धरला, मी पंप बसवला. काका इथले सगळ्यांत जुने ऑपरेटर आणि सगळ्यांत वाह्यात. “हळू गं. माझ्या बायकोला पण एवढ्या प्रेमाने कुणी हात लावला नव्हता.” बिनभाराचं दोन तास चालवून बघितलं. दाब स्थिर, तापमान स्थिर, धूर स्वच्छ. हातांना अजून डिझेलचा वास येतोय, धुवावासा वाटत नाही.

२७ एप्रिल, रविवार

सर म्हणाले, “लाईनवर घ्यायचं ९ मेला. त्याआधी नाही.”

“का?”

“कार्यक्रम आहे.”

मतदान १२ मेला. आता कळलं, इतक्या लगेच हो का ते.

चर्चनंतर एस्त्रेलाबाई भेटल्या. माझ्या गणिताच्या बाई, नंतर शाळेच्या मोठ्या बाई, आणि आता तोतोयच्या विरोधात उभ्या. राहतात आमच्याच वस्तीत. प्रचाराला गाडी नाही, छत्री आहे. त्यांनी सरळ विचारलं, “लिन, तिसरं जनित्र खरंच बिघडलं होतं का?”

मी म्हटलं, “बाई, मी कंपनीत आहे.”

“बरं.” एवढंच. मग छत्री उघडून गेल्या. शाळेत उत्तर चुकलं की त्या ओरडायच्या. आज ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

घरी येऊन आईवर राग काढला. पंप, खोकं, ९ मे, सगळं सांगून टाकलं. आईने आधी खिडकी लावली. “हे बाहेर बोललीस?”

“बोलले तर नोकरी जाईल. माहितीय मला.”

“मग बोलू नकोस.”

नंतर कितीतरी वेळ ती एकच पातेलं घासत होती.

९ मे, शुक्रवार

संध्याकाळी चौकात मंडप, बँड, सगळ्यांना पान्सितच्या शेवया. टेबलावर लाल बटण – माझ्या तळहाताएवढं. ते कशालाच जोडलेलं नव्हतं. खाली वायर होती, ती टेबलाच्या पायाला गुंडाळून संपत होती. सकाळी मी स्वतः बघून आले.

खरं बटण माझ्यापुढे, नियंत्रण कक्षात. जनित्र चालू, इतर दोन्हींशी जुळवलेलं, फक्त लाईनचा ब्रेकर लावायचा बाकी. वॉकीटॉकीवर मिस पिंकी – “मी ‘आता’ म्हटलं की.”

तोतोयचं भाषण ऐकू येत होतं. “माझ्या कुटुंबाने स्वतःच्या खिशातून...” स्वतःच्या! “ज्या लेकीला आम्ही शिकवलं, तिच्याच हातांनी...”

“आता!”

मी ब्रेकर लावला नाही.

“आता! लिन? आता!”

मला फक्त बघायचं होतं. तो बटण दाबतोय आणि काहीच होत नाही, हे एकदा अख्ख्या गावाला दिसू दे. चौकातली कुजबुज वॉकीटॉकीतून येत होती. कुणीतरी हसलं.

बेर्तिंगकाका माझ्याकडे न बघता म्हणाले, “दाब पोरी. साहेबाचं बोट दुखायला लागलं असेल.” मग हळूच, “तुझ्या आईचा फ्रीझर पण त्याच लाईनवर आहे.”

दाबला.

ओरडा एवढा मोठा झाला की वॉकीटॉकी नुसती खरखरली. पाच वस्त्या उजळल्या. मी लावलेली वीज. टाळ्या त्याला.

१० मे

मी ड्यूटीवर असताना मिस पिंकी वस्तीत येऊन गेली म्हणे. घरटी तांदूळ, आणि नमुना मतपत्रिकेच्या घडीत पाचशेची नोट.

“काय म्हणाली?” मी विचारलं.

“तांदूळ दिला,” आई म्हणाली.

“ती काय म्हणाली, ते विचारतेय मी.”

“तांदूळ चांगला आहे.”

१२ मे, सोमवार

बाईंना मत दिलं. नखावर शाई. दिवसभर वीज एकदाही गेली नाही. रांगेत सगळे शेजारी. माझ्याकडे बघून प्रत्येक जण हसत होता, काकी, मामा, बाबांच्या बोटीवरचे. एवढं गोड कशासाठी ते कळलं नाही.

१३ मे

तोतोय निवडून आला. ते होणारच होतं. मला राग त्याचा नाही.

आमच्या वस्तीच्या केंद्रावर बाईंना नऊ मतं. नऊ! दोनशे चौदातली नऊ! बाईंच्याच घरातले मतदार आठ आहेत. म्हणजे त्यांच्या घराबाहेरचं एकच मत, ते माझं.

या बाईंनी अर्ध्या वस्तीला अक्षर शिकवलं. शेजारच्या रोझाकाकीच्या मुलीचं बाळंतपण अडलं तेव्हा त्यांनी स्वतःची बांगडी विकून बोट केली. आणि यांनी काय केलं? एक पिशवी तांदूळ, एक नोट, दात दाखवणारा कंदील – संपलं! गरीब आहेत म्हणून समजून घ्यायचं, असं मी आजवर म्हणत आले. आजपासून नाही. गरीब असणं वेगळं आणि स्वस्त असणं वेगळं. उद्या बर्फ वितळला तर माझ्या दाराशी येऊ नका. तुम्हाला हवा होता तो उजेड, घ्या!

जेवताना हे सगळं मोठ्याने बोलले. बाबा भात कालवत राहिले. आई म्हणाली, “मासा गार होतोय.”

“तू कुणाला दिलंस?”

“मत गुप्त असतं,” आई म्हणाली. माझीच आई!

१४ मे

सकाळी आदेश. तिसरं जनित्र बंद करा. कारण – ‘देखभाल’. पाच दिवसांत!

“सर, त्याला काहीही झालेलं नाही.”

“म्हणूनच बंद ठेवायचं, इंजिनीयर. वापरलं की झिजतं.” आणि स्वतःच्या विनोदावर हसले.

मीच बंद केलं. बारा वाजता तीन नंबरची लाईन काळी. मिस पिंकीचा निरोप आला – लोकांना सांगा, कंदील आहेतच.

१५ मे

लिहिलं. तीन पानं. पंपाच्या खोक्यावरची तारीख, जनित्राचे चालू तास, भारनियमनाचं वेळापत्रक, शीतगृहाच्या लाईनची नोंद. विशेषण एकही नाही. खाली माझं नाव आणि परवाना क्रमांक. मनिलातल्या वीज आयोगाकडे शपथेवरची तक्रार लागते, म्हणून नोटरीकडे गेले.

म्हाताऱ्याने चष्मा वर करून सगळं वाचलं. “लग्नबिग्न ठरलंय का तुझं? परदेशात?”

“नाही.”

“मग हे असं का लिहिलंयस? इथेच राहायचंय ना तुला?” पण शिक्का मारला. पैसे घेतले नाहीत. “मी काही वाचलं नाही,” म्हणाला.

नोकरी जाणार. जाऊ दे. ज्यांच्यासाठी तोंड मिटून बसले होते त्यांनी मला मोकळं केलं. कुणाचंही देणं राहिलं नाही. दोन वर्षांत इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं.

१६ मे, शुक्रवार

सकाळी तक्रारीचं पाकीट धक्क्यावर, मनिलाच्या बोटीसाठी देऊन आले. येताना कात्री घेऊन रानबदामाखाली गेले, फ्लेक्स कापायला. एक दोरी कापली तेवढ्यात आई धावत आली.

“राहू दे! अजून थोडे दिवस राहू दे. ते बघतात.”

“बघू देत! त्यांचं काय खातेस तू?”

मग तिने सांगितलं. १० तारखेला मिस पिंकी तांदूळ देऊन म्हणाली होती – ‘त्या संध्याकाळी वीज उशिरा आली. साहेब विसरले नाहीत. मतं केंद्रागणिक मोजून येतात, आम्हाला कळतं कुठली वस्ती आपली. इंजिनीयर तुमचीच ना?’ ती गेल्यावर सगळे आमच्या अंगणात जमले. रोझाकाकी म्हणाली, पोरगी एकच शिकली आपल्यातली. ठरलं, मतं तोतोयला. आई स्वतः बाईंकडे सांगायला गेली. बाई म्हणाल्या, ‘बरोबर करताय. माझ्या घरातली आठ मतं मात्र मी वळवू शकणार नाही, नाहीतर तीही दिली असती.’

“तुला सांगायचं नव्हतं,” आई म्हणाली. “तू बोलली असतीस. आता तुझी नोकरी पक्की. कुणी हात लावणार नाही.”

मी कापलेली दोरी पुन्हा बांधली.

तिला सांगितलं नाही. पाकीट ओकारिसांच्याच बोटीने गेलंय.