अडतीस म्हणजे अडतीस

१४ जून २००४, सोमवार

दोन कॉम्प्युटर एकमेकांशी बोलत नाहीत, म्हणून नागपूरहून मुलगी आणली आहे. दिपाली नाव. वय चोवीस असेल. मला सर म्हणते, ते ठीक आहे.

एक कॉम्प्युटर माझ्या ड्रॉइंग-खोलीत. आपल्या कारखान्यात बनणाऱ्या, कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंग मशीनच्या चारशे बारा भागांची ड्रॉइंगं त्यात आहेत, सगळी माझ्या हातची. दुसरा स्टोअरमध्ये, बबनरावांकडे. माल, खरेदी, ऑर्डरी. आता दोघांमध्ये तार जोडायची. मी इकडे ड्रॉइंग बदललं की तिकडे आपोआप ऑर्डर निघेल.

मालक हेमराजशेठ म्हणाले, ड्रॉइंग मंजूर करण्याची किल्ली, म्हणजे कॉम्प्युटरचा पासवर्ड, एकाच माणसाकडे राहील. त्याने हो म्हटल्याशिवाय साधा खिळा येणार नाही. नाव दोन ऑगस्टला ठरेल.

ठरायचं काय त्यात! तेवीस वर्षं झाली. कॉलेजची पायरी चढलो नाही, पण 'सुमारे' हा शब्द कधी लिहिला नाही.

१७ जून

बबनरावांची यादी पाहिली. डोकं धरून बसलो. एकच पितळी बुश — ज्यात मशीनचा शाफ्ट फिरतो — तो तीन नावांनी आहे. 'पितळी बुश', 'पि. बुश मोठा', आणि 'लहानूवाला'. लहानू म्हणजे आपला लेथवरचा कारागीर.

म्हटलं, बबनराव, वस्तूला माणसाचं नाव कसं देता? माझा नंबर आहे ना, जी-११७!

म्हणे, "तुमचा नंबर पाहून मले काय समजते? पोरं लहानूवालाच मागतात. दुसरा बसत नाई मनतात."

बसत नाही म्हणे. माप एकच आहे — अडतीस मिलिमीटर. शाफ्ट अडतीस, बुशचं भोक अडतीस. यापेक्षा सोपं काय असतं? 'लहानूवाला' खोडायला लावलं.

२१ जून

बबनरावांशी बोलणं बंद. चहा त्यांच्याच टेबलावर येतो, तेवढी पाच मिनिटं सोडून.

५ जुलै, सोमवार

तार जोडली. चालते! जी-११७ वरच तपासून पाहिलं. बाणाचं टोक जाड वाटत होतं, बारीक केलं. शीर्षक दोन मिलिमीटर डावीकडे होतं, मध्यभागी आणलं. एक टीप वर घेतली, मग पुन्हा खाली. अशाच आणखी काही बारीक दुरुस्त्या केल्या. समाधान वाटलं.

घरी बायको, कांता, म्हणाली, आज जेवताना बरे हसून राह्यले तुमी.

८ जुलै

बबनराव धावत आले. बोलणं बंद आहे हेही विसरले.

मी अकरा दुरुस्त्या केल्या होत्या. प्रत्येक वेळी ते 'बदल झाला'चं बटण दाबलं. बदल झाला होता, म्हणून दाबलं! यंत्राला वाटलं, दरवेळी बुशच नवा झाला. जुना माल रद्द, नव्या चोवीसची ऑर्डर. अकरा वेळा. लहानूचा लेथ रोलरच्या कामात अडकलेला, म्हणून सगळ्या ऑर्डरी नागपूरच्या एका वर्कशॉपला गेल्या. दोनशे चौसष्ट बुश. निम्मे तर कापूनही झाले होते, आता ऑर्डर परत घेत नाहीत!

दिपाली म्हणाली, सर, बाणाचं टोक हा बदल नसतो. मी म्हटलं, मग त्याला काय म्हणतात? संध्याकाळपर्यंत तिने एक वेगळं बटण बनवलं — 'किरकोळ'. ते मी दाबणार नाही.

शेठ म्हणाले, किल्लीचं जरा सोचावं लागेल. दिवसभर तेच डोक्यात.

१९ जुलै

बुश आले. मायक्रोमीटर घेऊन बसलो. दोनशे चौसष्टही मोजले. अडतीस पूर्णांक शून्य शून्य. एकूण एक!

डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला लिहू. तेवीस वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी माझं ड्रॉइंग तंतोतंत पाळलं. किल्ली माझीच.

२२ जुलै, गुरुवार

पुलगावचे जिनिंगवाले सोमवारी मशीन पाहायला येणार, म्हणून जोडायला घेतलं. शाफ्ट बुशात जाईना. लाकडी हातोड्याने ठोकला, तर अर्ध्यात अडकला. ना पुढे ना मागे. दुसरा बुश घेतला. तिसरा. नवव्याला पोरं माझ्याकडे पाहायला लागली.

नागपूरला फोन करून चांगलं सुनावलं. तो मालक शांतपणे म्हणाला, साहेब, तुमचंच ड्रॉइंग आहे. खाली सही तुमचीच.

२३ जुलै

लहानूकडे गेलो. त्याने पेटीतून आपला एक बुश काढून दिला. मोजला. अडतीस पूर्णांक शून्य आठ.

म्हटलं, लहानू, हा चुकीचा आहे.

"चुकीचा आहे, मून तं फिरते सायेब. शाफ्टाले फिराले जागा नाई लागत का?"

खाली बसलो, तिथेच, पितळेच्या किसावर. शाफ्ट अडतीस, भोक अडतीस. कोणत्याही आयटीआयच्या पोराला दिसलं असतं. मला नाही दिसलं. सगळी मशीनं आजवर फिरली ती याच्या केसभर जास्तीवर.

मग सांगितलं का नाही, विचारलं.

"सांगाले आलतो ना, पयल्याच वर्षी. तुमी मनलं, अडतीस मंजे अडतीस. मंग तुमचं ड्रॉइंग तसंच राहू देलं, बुश फिरता केला."

हे तो चहा पिता पिता बोलला. राग नाही, काही नाही. मला आठवत नाही तो कधी आला ते. पण वाक्य माझंच आहे.

२५ जुलै, रविवार

शनिवार-रविवार लेथ बंद झाला नाही. लहानू एकेक बुश पुन्हा कापत होता, मी पुसून मोजून देत होतो. आठ, आठ, आठ. त्याला मायक्रोमीटर लागत नाही.

२६ जुलै

मशीन फिरलं. पुलगाववाले खूश. शेठ त्यांच्यासमोर म्हणाले, आमच्या ड्रॉइंगची कमाल. लहानू दाराशी हात पुसत उभा होता. मी मान खाली घातली.

२ ऑगस्ट, सोमवार

किल्लीवर नाव घालायचं होतं. मी दिपालीला सांगितलं, लहानूचं घाल. शेठ हसले. मी हसलो नाही, तेव्हा थांबले.

दुपारी जी-११७ चं नवं ड्रॉइंग, भोक अडतीस पूर्णांक शून्य आठ, लहानूच्या मंजुरीला पाठवलं. पाच वाजता परत आलं. नामंजूर. कारण वाचलं, 'थोडं कमी-जास्त किती चालते, ते नाई लिहिलं' — बरोबर आहे.