तांदळात लिहिलेलं नाव

९ मार्च २००४, एजवेअर, लंडन

मृणालने नोकरी सोडली. वॉटफर्डमधली, चांगली केमिस्टची. आता म्हणे फुलटाइम गाणार – कंट्री म्युझिक. पस्तिशीची बाई, पायात गुराख्यांचे बूट!

मी विचारलं, "तुझी कंट्री कुठली गं?"

"आई, तेच तर गाते मी."

आम्हालाही कॉन्व्हेंटात सिस्टरांनी पियानोवर येशूची हिम्स शिकवली होती. कोणी नोकऱ्या सोडल्या नाहीत.

१४ मार्च

वेम्बलीला भेंडी घेताना मंडळातली शशी भेटली. "लेक हल्ली घोडेवाल्यांची गाणी म्हणते म्हणे?"

म्हटलं, "म्हणते तरी. तुझा विनय बायकोपुढे तोंड उघडतो का?"

भेंडी जून निघाली.

२१ मार्च

मृणालचा फोन. रेकॉर्ड कंपनी तिचा पहिला अल्बम काढायला तयार आहे. अट एकच – नाव बदला. मृणाल नाडकर्णी रेडिओवाल्यांच्या तोंडात बसत नाही. शुक्रवारपर्यंत नवं नाव द्या, नाहीतर राहू दे.

गाणं चालतं, नाव चालत नाही! मी नोकरीभर टेलिफोनवर नाडकर्णीचं स्पेलिंग सांगत आले, पण एक अक्षर गाळू दिलं नाही. म्हटलं, "नाव काय कोट आहे, काढून ठेवायला? तुझ्या बाबांनी हौसेने ठेवलंय."

"आणि तुझं कुणी ठेवलं?"

मी फोन आपटला.

२२ मार्च

चैन नाही. धुतलेले कप परत धुतले. शेवटी मीच फोन केला आणि सांगितलं. आजवर कधी सांगितलं नव्हतं.

लग्नात ताटात तांदूळ पसरले आणि यांनी अंगठीने त्यात लिहिलं – शैला. सासूबाईंना माझं माहेरचं नाव ख्रिस्ती वाटत होतं. "नीना! कॉन्व्हेंटचं खूळ." मला कोणी विचारलं नाही. पेढे वाटले. सकाळी मी नीना रेगे होते, वक्तृत्वाचे कप जिंकणारी. संध्याकाळी "शैला" अशी हाक आली तेव्हा मी वळलेच नाही. सगळे हसले. ते तांदूळ पुढे कुठे गेले कोण जाणे. भातच केला असेल.

मृणाल म्हणाली, "तुला चाललं ते?"

काय प्रश्न! म्हटलं, वरण उतू जातंय, ठेवते.

गॅसवर काही नव्हतं.

२६ मार्च

कंपनीला नाव कळवलं म्हणते. काय, ते सांगत नाही. "उद्या वॉटफर्डच्या क्लबात ये, तिथेच कळेल."

जाणार नाही. ठेवलं असेल डेझी नाहीतर रोझी. माझ्या पोटची पोर आणि नाव गोऱ्या गवळणीचं.

यांच्या फोटोला म्हटलं, तुम्हीच सुरुवात केलीत.

२७ मार्च

गेले. मागच्या रांगांमध्ये बसले, कोट अंगातच ठेवून.

माइकवाल्याने पुकारलं, "लेडीज अँड जेंटलमेन – नीना रेगे!"

मी उभी राहिले.

पडद्यामागून गिटार घेऊन मृणाल आली.

मागून कोणी म्हणालं, "सिट डाउन, लव्ह."

बसले नाही.