बाया, आनंदी

१२ फेब्रुवारी १९८३, मोहाडी
घसा बसला. आज तहसील कचेरीसमोर बिडी वळणाऱ्या बायांचा मोर्चा. मागणी एकच, पानं-तंबाखू देऊन बिड्या वळून घेणाऱ्या सट्टेदाराने 'छाट' बंद करावी. चांगल्या बिड्या खराब म्हणून बाजूला काढायच्या, त्यांची मजुरी बुडवायची आणि त्याच बिड्या बंडलात बांधून विकायच्या. मी याला टेबलावर उभं राहून चोरी म्हटलं. उद्याही म्हणेन.

भाषण अर्ध्यावर असताना पुढच्या रांगेतल्या पार्बताबाईंनी आपलं रिकामं सूप डोक्यावर धरलं. मग सगळ्यांनीच. ज्या सुपात रोज पानं-तंबाखू घेऊन बसतात तीच सुपं, रिकामी, उन्हात. मी वाक्य तिथेच सोडलं, टेबलावरून उडी मारली, गळ्यातला कॅमेरा उघडला. एकच फ्रेम. पण जमली.
मागून कुणीतरी : "भाऊ, आधी बोला नाही तं आधी फोटू काढा. दोन्ही कामं संगं कायले करता?" हशा झाला. मीही हसलो.

१३ फेब्रु.
निगेटिव्ह धुतली. तोंडं उघडी, सुपं वर, डाव्या कडेला कचेरीचा बोर्ड आणि दोन शिपाई. सुईने नेहमीची खूण कोरली, धानाची लोंबी. छापात ती काळी उमटते. पूर्वी कोपऱ्यात कोरायचो, तर दैनिकवाले कापून टाकायचे. आता माणसांना लागून कोरतो. या वेळी पार्बताबाईंच्या सुपाला चिकटून. माझं नाव छापत नाही ना? मग आता कापून दाखवा.
लीला म्हणाली, "नवरा म्हनून तुमाले कमी वळखतात लोक, लोंबीले जास्त."

पाकीट नागपूरच्या बसच्या कंडक्टरजवळ दिलं. तिकडे वामन घेईल. वामन त्या दै.त उपसंपादक आहे म्हणून जीव निश्चिंत असतो. कॉलेजात आमच्या दोघांत एकच कोट होता. तो पाळीपाळीने घालून वादविवाद जिंकले.

१६ फेब्रु.
पहिलं पान. तीन कॉलम. नाव नाहीच.
अंक घेऊन बायांकडे गेलो. ज्यांना वाचता येत नाही त्यांना लोंबी दाखवली. सांगितलं, ही खूण जिथे दिसेल तिथे फोटो माझा, आणि माझा म्हणजे खरा.
पार्बताबाई : "बरं झालं. उद्या सट्टेदार म्हनल का ह्या बाया मोर्च्यात नव्हत्याच, तं हे लोंबी त्याच्या नाकासमोर धरतो."

४ मे
नागपुरात वामनकडे. मोबदल्याचा विषय मीच काढला. तो चहा ढवळत राहिला. मग म्हणाला, "यार, फोटोचे पैसे मागणारा तूच एक उरला आता. सरकारी फोटो फुकट येऊन राहिले. पुढाऱ्यांचे तर जाहिरातीसकट येतात. लग्नाचे फोटो काढणारा संगंच घेऊन फिरतात ते. संपादक मला विचारतात, या मोहाडीवाल्याला काहून द्यायचे?"
मी म्हणालो, फुकट येतो तो फोटो नसतो, निमंत्रणपत्रिका असते.
"वाक्य छान आहे," वामन म्हणाला. "सभेत वापर."

२२ ऑगस्ट
आंबागडच्या वाटेवरचा वाहून गेलेला रपटा, ओढ्यावरचा बुटका पूल. पलीकडे मास्तर, सायकल खांद्यावर, चपला दातांत. असा फोटो वर्षातून एकदा मिळतो. गेल्या आठवड्यात पाठवला, छापला नाही.
आज त्या जागी त्याच रपट्याच्या भूमिपूजनाचा फोटो. पुढाऱ्याच्या हातात नवी कोरी कुदळ. पाण्याचा थेंब नाही कुठे.
मी तर छाटच झालो. चांगली बिडी, खराब म्हणून बाजूला.

९ नोव्हेंबर
तुमसरला आज मंत्र्यांचा सत्कार, बिडी कारखानदारांकडून. छाटीबद्दल एक शब्द बोलायला तयार नाहीत आणि वर बायांनी हार घेऊन यावं म्हणे. मोहाडी आणि सिहोऱ्याच्या बायांनी मिळून ठरवलं होतं, एकीनेही जायचं नाही. एकीही गेली नाही. ट्रक आले, रिकामे फिरले. मीसुद्धा गेलो नाही. जिथे जायचं नाही तिथला फोटोही काढायचा नाही.
इतकी एकी या भागात मी पहिल्यांदा पाहिली. भाषणाने झाली नाही. त्यांनी त्यांची केली.

११ नोव्हें.
सकाळी पार्बताबाई दारात. हातात दै., किराण्याच्या दुकानातून आणलेला. पानावर मंत्री, आणि शेजारी माझा फेब्रुवारीतला फोटो. कचेरीचा बोर्ड कापलेला. शिपाई कापलेले. उरल्या त्या तोंड उघडलेल्या बाया आणि सुपं. खाली छापलंय, 'पारंपरिक पद्धतीने सूप उंचावून मंत्रिमहोदयांचे स्वागत करताना आनंदी महिला'.
पार्बताबाई शांत होत्या. बोट ठेवत ठेवत बोलल्या. "भाऊ, हे सूप माहं. कोर तुटली हाय, पाहा. हे लुगडं माहं. अन् हे लोंबी तुमची. आता सांगा, मी तुमसरले केव्हा गेली होती?"

मी सांगितलं. छापायला फोटोवरून जस्ताचा ठसा करतात, त्याला ब्लॉक म्हणतात, तो दै.कडेच राहतो. जुनाच ब्लॉक काढून त्यांनी...
"म्हंजे आमी थ्यायच्या पेटीत हाओत? वाटल तेव्हा काढाव अन् वाटल तेथी लावाव?"
हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो.
"अन् तुमाले ठावकं होतं, पेटीत ठेवतेत म्हनून?"
ठेवतात हे माहीत होतं. असं करतील हे नव्हतं. दुसरं वाक्य बोलेपर्यंत त्या वळल्या होत्या.

१३ नोव्हें.
सिहोरा. समजवायला गेलो होतो. अंगणात बिड्या वळत बसलेल्या बायांनी हात थांबवले नाहीत. एक म्हातारी : "या बापा, या. मोहाडीच्या बायायनं सुपं हालवली, मंत्र्यानं का देल्लं मंग? पेढे का बुंदी?" दुसरी : "आमाले घरी बसवलं अन् सोता मिरवाले गेल्या. भाऊनंच तं फोटू काढला. लोंबी हाय ना."
मी दहा हजारांच्या सभेला गप्प केलेलं आहे. त्या अंगणात कुणी मान वर करून पाहिलं नाही.
निघताना सांगितलं त्यांनी, पुढच्या वेळी मोहाडीच्या बायांसंगं बसणार नाही.

१५ नोव्हें.
नागपूर. वामन टेबलावरून उठला नाही. "तापून काहून राहिला? मंत्र्याच्या सभेत बायाच नव्हत्या. पान तर भरायचं होतं. कोण ओळखणार आहे बिडीवाल्या बायांना?"
मी म्हणालो, त्या स्वतः.
त्याने पुढचा कागद ओढला. मी म्हणालो, ब्लॉक दाखव. मागच्या खोलीत नेलं. लाकडी खण, त्यात ब्लॉक उभे लावलेले, प्रत्येकावर चिकटवलेली चिठ्ठी. 'पूर'. 'आग'. 'शाळेची मुले, रांग'. 'शेतकरी, चिंताग्रस्त'. मग सापडला. चिठ्ठीवर 'बाया, आनंदी'.
अक्षर वामनचं. हे अक्षर मी झोपेतही ओळखेन. माझ्या भाषणांच्या टिपणांवर याच अक्षरात दुरुस्त्या असायच्या.
"वामन, या बाया तुला आनंदी दिसल्या?"
"तोंडं उघडी होती ना बे," तो म्हणाला. मग खाली बघत, "खुलासा छापतो. आणखी काय करू?"
त्याने कोट घातला होता. नवा, स्वतःचा. उगाच लक्षात राहिलं.

१९ नोव्हें.
खुलासा आला. आतल्या पानावर, बाजारभावाच्या खाली, चार ओळी. 'नजरचुकीने'. नजर चुकली असती तर सोसलं असतं. नजर अचूक होती.
आणि खुलासा वाचणार कोण? चित्र सगळ्यांनी वाचलं, चार ओळी कुणी वाचत नाही.

२७ नोव्हें.
पूर्ण निगेटिव्हचे मोठे छाप काढले. बोर्ड, शिपाई, सगळं. बाजाराच्या दिवशी भाजीच्या ओळीत उभा राहिलो, एका हातात छाप, दुसऱ्या हातात दै. बोललो. चांगला बोललो. खोट्याला कात्री लागते, खऱ्याला चौकट पुरत नाही, वगैरे. लोक जमले.
सिहोऱ्याचा एक वांगी विकणारा बराच वेळ दोन्हीकडे पाहत होता. म्हणाला, "पन भाऊ, खरा कोनता समजाचा? लोंबी तं दोन्हीवर हाय."
छाप गुंडाळले.

८ जानेवारी १९८४
दै.कडे काही पाठवलं नाही, मागणीही आली नाही. तिकडे कुणाला उणीव भासली असेल असं वाटत नाही.
आज पार्बताबाई आल्या. लीलाने चहा दिला, तो प्यायल्या, म्हणजे बरं. म्हणाल्या, "वीस तारखेले पुन्हा बसतो कचेरीसमोर. सिहोऱ्याच्या बायायकडे मी सोता जाऊन आली. काही येतेत म्हनतेत. तुमी बोलाले या, भाऊ."
मी येतो म्हणालो.
"थे फोटूची पेटी घरी ठेवून या."
"माझ्यावर विश्वास नाही?"
"तुमच्यावर हाय का नाही, थे पाहून रायली अजून. पेटीवर नाही."
त्या गेल्यावर लीला म्हणाली, "एवढं सरळ तं मीबी कधी बोलली नाही तुमाले."

२० जाने.
कॅमेरा खुंटीवर ठेवून गेलो. गळा इतका हलका की हात सारखा छातीकडे जात होता.
सिहोऱ्याच्या बाया आल्या, थोड्याच, आणि वेगळ्या बसल्या. मध्ये जागा सोडून. या वेळी सूप कुणी वर धरलं नाही. सगळी सुपं मांडीवर पालथी, पदर कपाळापर्यंत. माझ्या समोर इतके चेहरे आणि एकाही चेहऱ्यावर मला काही वाचता येईना. फोटोला भिऊन बसलेल्या बाया. हे माझ्या धंद्याने केलं. वामनच्या चिठ्ठीने केलं म्हणू? दोन्ही.

भाषणाच्या मध्ये पुढाऱ्यासंगं फिरणारा तो लग्नाचा फोटोवाला आला. कॅमेरा बायांकडे वळवला, बायांनी तोंडं फिरवली. शेवटी माझ्याकडे वळवला. मी वाक्याच्या ऐन भरात होतो. हात वर होता.

२३ जाने.
दै.त फोटो. मी एकटा, तोंड उघडं, हात वर. बाया नाहीत, कचेरी नाही. मागणी काय होती तेही नाही. फुकट आलेला, चांगला काळापांढरा. खाली 'मोहाडी येथे बोलताना वक्ते'. नाव या वेळीही नाही.
म्हणजे आता मी त्या खणात. शेतकरी, चिंताग्रस्त यांच्या शेजारी. कुणाच्याही सभेला चालेन असा. चिठ्ठीवर वामनने काय लिहिलं असेल?
संध्याकाळी बायांकडे गेलो. सिहोऱ्याच्या दोघी तिथे बसलेल्या होत्या, निरोप घेऊन आलेल्या. अंक हातोहात फिरला. पार्बताबाईंनी तो डोळ्यांजवळ धरला, कोपरे पाहिले, मधोमध पाहिलं.
"लोंबी नाही यात."
"नाही. फोटो माझा नाही."
"चेहरा तं तुमचा हाय." मग अंक माझ्यासमोर धरून विचारलं, "कोनाच्या सभेत बोलून रायले भाऊ तुमी इथी?"
बाया हसल्या. सिहोऱ्याच्या दोघीही हसल्या. पार्बताबाई हसल्या नाहीत. अंक तसाच धरून उत्तराची वाट पाहत राहिल्या.