खुकरीचं पिल्लू

प्रिय दादा,

फौजेतून निवृत्त होताना तू मला दिलेली खुकरी माझ्या रोहनने शोकेसमध्ये बंद केली आहे. मलाही. मागे त्याला न विचारता मी एसटीने तुझ्याकडे तळेगावला येऊन गेले ना, तेव्हापासून नवराबायको कामावर जाताना दौंडच्या या फ्लॅटच्या दारात बसवलेलं कुलूप बाहेरून लावतात. माझा मोबाइलही काढून घेतला. म्हणतो, "आई, तुझ्या काळजीपोटीच गं."

आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टरसुद्धा शाळा सुटली की घरी सोडत होत्या!

पाहुण्यांना मात्र तो खुकरी ऐटीत दाखवतो. तिच्या म्यानामागे एक बोटभर सुरीही असते, हे त्याला ठाऊक नाही. तू म्हणाला होतास, "पमे, मोठी भिंतीला टांग आन् हे पिल्लू जवळ ठेव. काम हेच करतंय."

ते पिल्लू मी पहिल्यापासून माझ्या शिवणाच्या डब्यात ठेवलं आहे. आणि या शहाण्यांच्या कुलपाचे स्क्रू दाराच्या आतल्या बाजूला आहेत. आता शेवटचाच राहिला, तोही सैल झालाय.

हे पत्र टपालात टाकायला कोणी नाही. मीच घेऊन येते. चहाचं आधण ठेव.

तुझी,
पमी