अनुक्रमणिकेचं पान

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार

सुशीलचा पुण्याहून फोन. माझा साहेब – वय एकतीस! ई-पुस्तकं तयार करायच्या आमच्या सॉफ्टवेअरमध्ये दोनशेच्या वर सोयी आहेत, त्या वापरायच्या कशा ते मी मराठीत लिहिते. सगळ्यात जास्त तक्रारी 'अनुक्रमणिका कशी करायची' या पानावर. लोक एकेक पायरी करत जातात, शेवटी बटण दाबतात आणि अनुक्रमणिका कोरी! सुशील म्हणाला, एखाद्या साध्या माणसाला समोर बसवा, तुमचं पान द्या, आणि तुम्ही शेजारी बसून तोंड उघडू नका. अडेल तिथे पान सुधारा. मदतीशिवाय जमलं की पान पास. मुदत चोवीस तारीख.

एक साधं माणूस. हो म्हटलं.

४ फेब्रुवारी

फोनमधली नावं वरखाली केली. गॅसवाला. आईचे डॉक्टर, आईचे दुसरे डॉक्टर, तिला व्यायाम द्यायला यायची ती मुलगी. आई जाऊन चौदा महिने झाले, नावं तशीच. बेचाळीस वर्षं धरमपेठेत राहते आहे आणि 'अर्धा तास येऊन बस गं' म्हणावं असं एक नाव नाही! रडू आलं. मग राग आला, सुशीलवर.

६ फेब्रुवारी

मिळालं माणूस! खालच्या मजल्यावरच्या काजलची सासू, प्रेमिलाकाकू. काटोलची संत्र्याची बाग आता दीर बघतात, गेल्या दिवाळीपासून मुलाकडे आल्यात. दिवसभर घरात एकट्या. बागेबद्दल चाळीस वर्षांत जे कळलं ते सगळं फोनवर टाइप करून ठेवलंय – नव्वद पानं! त्याचं पुस्तक हवंय. मी विचारत होते काजलला, 'मी येतो' म्हणाल्या त्याच. काजलच्या लॅपटॉपवरही सॉफ्टवेअर टाकून दिलं.

१० फेब्रुवारी

चार वाजता आल्या. मी हात मांडीखाली दाबून गप्प. सहाव्या पायरीवर अडल्या. तिथे मी लिहिलंय – 'शीर्षकांना योग्य स्तर दिल्याची खात्री करा.' तीनदा वाचलं त्यांनी.

"योग्य म्हणजे कोणता वं? तुले माहीत आहे, मले नाही. मग लिहून काहून नाही ठेवलं?"

सहा वर्षं हे वाक्य तिथे आहे. मला किती ऐटदार वाटायचं.

१२ फेब्रुवारी

पुन्हा तिथेच अडल्या. काय लिहायला हवं ते मला सोमवारीच कळलंय – 'प्रकरणाचं नाव निवडा आणि त्याला वरच्या यादीतून शीर्षक १ द्या.' एवढं केलं की अनुक्रमणिका भरते. दहा शब्द.

लिहिलं नाही. म्हटलं, आणखी एक दिवस निरीक्षण करू.

१४ फेब्रुवारी

अडल्या. मग चहा. काम वीस मिनिटं, गप्पा दीड तास. सांगत होत्या, बहार यावा म्हणून संत्र्याचं पाणी तोडतात. पानं मलूल होतात, पाणी द्यायला हात शिवशिवतात, तरी द्यायचं नाही. "तशीच बसली आहे तू माह्याजवळ," म्हणाल्या.

मी आईचं सांगितलं. शेवटचे दोन महिने ती मला ओळखत नव्हती, ते. हे कुणालाच सांगितलं नव्हतं.

१७ फेब्रुवारी

अडल्या.

१९ फेब्रुवारी

मौद्याच्या एका शिक्षकाचं चौथं पत्र. शाळेतल्या मुलांच्या कवितांचं पुस्तक करताहेत. 'मॅडम, अनुक्रमणिका कोरीच येते, आमचं काय चुकतं?' त्यांचं काही चुकत नाही. चार वाजता जिन्यात चपला वाजाव्यात म्हणून मी दहा शब्द दाबून ठेवलेत. नऊ दिवस! लाज वाटते.

२० फेब्रुवारी

लिहिलं. शिक्षकांनाही कळवलं.

२१ फेब्रुवारी

अकरा मिनिटांत झालं काकूंचं. वर सुद्धा पाहिलं नाही. सगळी प्रकरणं एकाखाली एक – रोप, खड्डा, पाणी, बहार. "झालं वं. आता तुले तरास नाही," म्हणाल्या. चहा नको म्हणाल्या. गेल्या.

२४ फेब्रुवारी

पान पास. सुशीलने अंगठा पाठवला.

२७ फेब्रुवारी

चार वाजून गेले. कुणी नाही. काम झालं, आता कशाला येतील! मी तरी आणखी काय धरून बसले होते? आज दिवसभरात एकदाच बोलले, तेही पार्सलवाल्याशी.

१ मार्च

काजल जिन्यात भेटली. सहज म्हणाली, "आईंचं पुस्तक तर अकरा तारखेलाच झालं होतं, माह्या लॅपटॉपवर. इकडंतिकडं दाबून पाहिलं न् जमलं. म्हटलं, मग सारखं वर काहून जाता? तर म्हणे, पोरगी एकटी आहे, मी अडकून राहिली त काय बिघडते." मग दोन पायऱ्या उतरून म्हणाली, "पण ताई, तुम्ही खाली एकदाही नाही आल्या."

चाचणी रद्द. सुशीलला नंतर कळवते. आधी खाली जाऊन येते.